टस्कीगीची विमानशाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. कापसाची शेते आणि पाइन वृक्षांची राने यांनी वेढलेले टस्कीगी हे त्या राज्यातील एक लहानसे गाव. गाव लहान असले, तरी त्याचे नाव मराठी वाचकांना परके नाही. भुईमुगापासून नाना पदार्थ तयार करून दाखविणारे शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १८९६ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, याच गावच्या विद्यालयात काम केले. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि टस्कीगीचे नाव अनेक मराठी घरांत पोहोचले. कार्व्हर आपल्या प्रयोगशाळेत मातीची परीक्षा करीत असत, त्याच काळात त्याच विद्यालयातील काही तरुण विमान चालविण्याचे शिक्षण घेऊ लागले होते. त्या विद्यार्थ्यांची हकीकत या पाठात सांगितली आहे.

टस्कीगीचे हे विद्यालय ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी सोळा वर्षे झाली होती. विद्यालयाचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामाच्या पोटी जन्मले होते. पुस्तकी विद्येबरोबर हातांनाही विद्या असली पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून शाळेच्या इमारतींसाठी लागणाऱ्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडाव्यात, असे त्यांनी ठरविले. परंतु वीट भाजणे ही सोपी कला नव्हे. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. हाती पैसा उरला नाही. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र त्यांना पुन्हा कधी दिसले नाही. पुढे विद्यालयाच्या कित्येक इमारती विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांनीच उभ्या राहिल्या. सुतारकाम, लोहारकाम, शेती, यंत्रदुरुस्ती अशी अनेक कामे विद्यार्थी तेथे शिकत असत. विमानविद्येचा प्रवेश झाला, तो अशा कष्टाळू वातावरणात.

१९३८ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एक योजना जाहीर केली. दरवर्षी वीस हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विमान चालविण्याचे शिक्षण सरकारी खर्चाने द्यावे, अशी ती योजना होती. युरोपात युद्धाचे ढग जमू लागले होते आणि देशाला वैमानिकांची गरज भासणार हे उघड दिसत होते. १९३९ साली या योजनेचा कायदा झाला. वंश, धर्म किंवा वर्ण यांवरून कोणालाही हे शिक्षण नाकारू नये, असे कलम त्या कायद्यात घालण्यात आले होते. त्याच वर्षी टस्कीगीच्या विद्यालयाला योजनेत प्रवेश मिळाला.

या कलमाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी पिण्याचे नळदेखील वेगळे असत. लष्करी विमानदलात तर त्यांना वैमानिक म्हणून प्रवेशच नव्हता. १९२५ साली लष्कराच्या एका अहवालात कृष्णवर्णीय माणसे बुद्धीने व धैर्याने कमी असतात, असे लिहिलेले होते. त्यामागे शास्त्रीय आधार कोणताच नव्हता, होता तो केवळ पूर्वग्रह. तरीही त्या मतावर विश्वास ठेवणारे अधिकारी पुष्कळ होते. म्हणून टस्कीगीत जो तरुण विमानात बसे, त्याच्या मनावर दुहेरी भार असे. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी चुकला, तर ती चूक त्या एकट्याची ठरे. टस्कीगीचा विद्यार्थी चुकला, तर त्याच्या साऱ्या समाजाकडे बोट दाखविले जाणार होते.

विमानविद्येचे शिक्षण वर्गातच सुरू होई. प्रत्यक्ष उड्डाणाबरोबर ७२ तासांचा जमिनीवरील अभ्यास नेमलेला होता. हवामान, नकाशावरून मार्ग काढण्याचे गणित, विमानाच्या इंजिनाची रचना, हवाई वाहतुकीचे नियम असे विषय त्यात येत. महाविद्यालयाचा नेहमीचा अभ्यास सांभाळून विद्यार्थ्यांना हा अभ्यास करावा लागे. ढग कोणत्या प्रकारचा आहे, वारा कोणत्या दिशेने किती जोराने वाहत आहे आणि त्या वाऱ्यामुळे विमान आपल्या मार्गापासून किती ढळेल, याची आकडेमोड त्यांना करता यावी लागे. पहिल्या तुकडीतील सर्व विद्यार्थी लेखी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. खेड्यातल्या या विद्यालयाविषयी शंका घेणाऱ्यांना मिळालेले ते पहिले उत्तर होय.

परंतु उडायचे कोठून? टस्कीगीत विमानतळ नव्हता. आरंभी विद्यार्थ्यांना मोटारीने सुमारे चाळीस मैल दूर माँटगोमेरी या शहरी जावे लागे. अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी जाऊनयेऊन ऐंशी मैलांचा प्रवास घडे. वेळ व पैसा दोन्ही खर्च होत. मग गावाजवळचे एक कुरण भाड्याने घेण्यात आले. ते उड्डाणास योग्य करण्याच्या कामी विद्यार्थ्यांचेही हात लागले. १९४० साली तेथे उड्डाणे सुरू झाली. विटा पाडणाऱ्या विद्यार्थ्यांचे हे वारसदार आता आपले विमानतळही स्वतः तयार करू लागले होते.

पहिल्या पाठांसाठी वापरले जाणारे पायपर कब हे विमान अगदी साधे असे. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसविलेले कापड आणि त्यावर पिवळा रंग. एकामागे एक अशा दोनच बैठका. इंजिन सुरू करण्यासाठी कळ नव्हती. एकाने पुढे उभे राहून विमानाचा पंखा हाताने जोराने फिरवावा, तेव्हा इंजिन धडधडू लागे. त्या वेळी चाकांना अडसर लावलेला आहे ना आणि माणूस पंख्यापासून दूर झाला ना, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागे. टाकीत इंधन किती उरले, हे दाखविणारे उपकरण तर फारच मौजेचे होते. इंधनावर बुचाचा एक तुकडा तरंगत असे. त्याला जोडलेली तार टाकीच्या झाकणातून वर डोकावे. इंधन कमी होत जाई, तसतशी तार खाली खाली जाई. वैमानिकाने समोर पाहावे, म्हणजे त्याला ती तार दिसे.

अशा विमानात शिक्षक पुढे व विद्यार्थी मागे बसे. विद्यार्थ्याच्या दोन्ही पायांखाली सुकाणूच्या पट्ट्या असत आणि हातात एक काठी असे. काठी पुढे लोटली की विमानाचे नाक खाली जाई, मागे ओढली की वर येई, डावीउजवीकडे कलविली की विमान त्या बाजूस कले. हे ऐकायला सोपे वाटते. परंतु नवा विद्यार्थी घाबरून काठी मुठीत घट्ट आवळून धरी आणि विमान वेडेवाकडे हेलकावे खाई. काठी बोटांनी हलकेच धरावी, हा पहिला धडा असे.

दुसरा धडा याहून कठीण होता. विमान वर चढविण्याच्या घाईत नाक फार उंच उचलले आणि वेग मंदावला, तर पंखांवरून सुरळीत वाहणारी हवा विस्कळीत होते. मग पंखांचा आधार सुटतो आणि विमान एकदम खाली कोसळू लागते. अशा वेळी मनुष्याला स्वाभाविकपणे काठी मागे ओढून वर जावेसे वाटते. परंतु तसे केल्यास संकट वाढते. काठी पुढे लोटून नाक जमिनीकडेच करावे लागते, तेव्हा विमानाला वेग मिळतो आणि पंख पुन्हा काम करू लागतात. शिक्षक विमान पुरेशा उंचीवर नेऊन मुद्दाम ही अवस्था आणीत आणि विद्यार्थ्याकडून तिचा परिहार करवून घेत. जमीन अंगावर येत असता तिच्याकडेच नाक वळवायला मन घट्ट असावे लागते. भीती वाटणे हा दोष नव्हे, पण भीतीच्या हाती काठी द्यायची नाही, ही गोष्ट विद्यार्थी अशा पाठांतून शिकत.

शिक्षकाबरोबर किमान आठ तासांचे उड्डाण झाल्यावर एकट्याने उडण्याची पाळी येई. त्या दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरे आणि विद्यार्थी मागच्या बैठकीवरच राही. इतके दिवस समोर दिसणारी शिक्षकांची पाठ आता तेथे नसे. एका माणसाचा भार कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडी. खाली मैदान, पाइनची राने आणि दूरवर विद्यालयाच्या विटांच्या इमारती दिसत. एक फेरी मारून वाऱ्याच्या रोखाने उतरावयाचे, एवढेच काम असे. परंतु चाके गवताला टेकून विमान थांबले, की उतरणारा तरुण काही वेळापूर्वी चढलेला तरुण राहिलेला नसे.

या शाळेचे सर्वांत प्रसिद्ध शिक्षक म्हणजे चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन. विद्यार्थी त्यांना आदराने ‘चीफ’ म्हणत. त्यांचा जन्म १९०७ साली झाला. विमान चालविण्याची त्यांना लहानपणापासून ओढ होती. परंतु त्यांच्या वर्णामुळे कोणी शिकवावयास तयार होईना. तेव्हा त्यांनी स्वतःची शिल्लक आणि आप्तमित्रांकडून घेतलेले पैसे एकत्र करून एक जुने विमान विकत घेतले, आणि इतर वैमानिकांचे पाहून, त्यांना विचारून व स्वतः प्रयत्न करून ते उडावयास शिकले. १९२९ साली त्यांना परवाना मिळाला. याच वर्षी आपल्याकडे जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. १९३३ साली अँडरसन व त्यांचे मित्र डॉ. आल्बर्ट फोरसाइथ यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि तेथून परत असा विमानप्रवास केला. त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता, रात्री उतरण्यासाठी दिवे नव्हते. १९४० साली टस्कीगीच्या विद्यालयाने अँडरसन यांना आपल्याकडे बोलावून घेतले. स्वतःला शिक्षक न मिळालेला हा मनुष्य पुढे शेकडो तरुणांचा शिक्षक झाला.

या योजनेत काही जागा मुलींसाठीही होत्या. मिल्ड्रेड हेमन्स ही विद्यालयातील अशीच एक विद्यार्थिनी. १९४१ साली तिला परवाना मिळाला. अलाबामा राज्यात वैमानिकाचा परवाना मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. पुढे युद्धकाळात स्त्री वैमानिकांचे एक दल निघाले. तिने तेथे अर्ज केला, परंतु वर्णामुळे तो नाकारण्यात आला. तिच्या हातच्या कौशल्यात उणे काही नव्हते, उणे होते ते निवड करणाऱ्यांच्या दृष्टीत.

१९४१ च्या मार्च महिन्यात अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या. कृष्णवर्णीयांना विमान चालविता येत नाही, असे लोक बोलत. एलिनॉरबाईंनी त्याची परीक्षा स्वतःच पाहावयाचे ठरविले. त्या अँडरसन यांच्या विमानात जाऊन बसल्या. बरोबरचे अधिकारी काळजीत पडले, पण बाईंनी आपला बेत बदलला नाही. अर्ध्या तासाहून अधिक वेळ अँडरसन यांनी त्यांना आकाशातून फिरवून आणले. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे फार गाजले. एलिनॉरबाई ज्या रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्त होत्या, त्या निधीने टस्कीगीला नवा विमानतळ बांधण्यासाठी १,७५,००० डॉलरचे कर्ज दिले. विद्यालयाचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांचे नाव या विमानतळाला देण्यात आले. विद्यालयातील कामगार व कुशल कारागीर यांनी त्याच्या बांधकामास हातभार लावला.

दरम्यान लष्करालाही आपले दार किलकिले करावे लागले होते. १९४१ च्या जानेवारीत कृष्णवर्णीय वैमानिकांची एक तुकडी उभारण्याचे जाहीर झाले, मात्र ती वेगळीच ठेवावयाची होती. जुलै महिन्यात टस्कीगीत लष्करी वैमानिकांचा पहिला वर्ग सुरू झाला. त्यात तेरा जण होते. शिक्षण कठोर होते. जो कमी पडे, त्याला वगळण्यात येई. ७ मार्च १९४२ रोजी वैमानिकाचे पदक छातीवर लावण्याचा मान शेवटी पाच जणांना मिळाला. त्यांत कॅप्टन बेंजामिन डेव्हिस हे एक होते. पूर्वी वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात शिकत असताना चार वर्षे सहाध्यायांनी त्यांच्याशी कामापुरतेच भाषण केले होते. तो अबोला सोसून ते १९३६ साली तेथून पदवीधर झाले होते. टस्कीगीच्या वैमानिकांचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले, आणि १९५४ साली ते अमेरिकेच्या विमानदलातील पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

१९४६ पर्यंत टस्कीगीत सुमारे एक हजार लष्करी वैमानिक तयार झाले. विमाने दुरुस्त करणारे, हवामान सांगणारे, दळणवळण सांभाळणारे लोक तर याहून कितीतरी अधिक होते. उत्तर आफ्रिका व इटली येथील रणभूमीवर या वैमानिकांनी कामगिरी केली. त्यांच्यापैकी अनेकांच्या विमानांची शेपटी लाल रंगविलेली असे. बॉम्बफेकी विमानांचे शत्रूच्या विमानांपासून रक्षण करणे हे त्यांचे मुख्य काम होते. कित्येक जण परत आले नाहीत. जे परत आले, त्यांना आपल्याच देशात वेगळ्या रांगेत उभे राहावे लागे. ज्या देशासाठी प्राण पणाला लावले, त्याच देशात समान वागणुकीसाठी त्यांना पुन्हा झगडावे लागले. अखेर २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात सर्वांना समान वागणूक व समान संधी मिळावी असा आदेश काढला. त्या आदेशामागे अनेकांचे प्रयत्न होते. टस्कीगीच्या वैमानिकांनी आपल्या कामाने दिलेले प्रमाण हेही त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते. १९९८ साली मोटन विमानतळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००७ साली या वैमानिकांना अमेरिकेच्या संसदेचे सुवर्णपदक देण्यात आले.

मुलांनो, युद्धातील पराक्रमाच्या कथा लोक आवडीने सांगतात. परंतु त्या पराक्रमाचा पाया टस्कीगीच्या कुरणावर घातला गेला, हे विसरू नये. रात्री वाऱ्याचे गणित सोडविणे, सकाळी विमानाची तपासणी करणे, एकच उतरण्याचा पाठ वीस वेळा गिरविणे, शिक्षकाने दाखविलेली चूक मुकाट्याने सुधारणे, असे त्या विद्यार्थ्यांचे दिवस असत. आपल्याविषयी लिहिलेला खोटा अहवाल त्यांना फाडून टाकता येण्यासारखा नव्हता. तो खोटा आहे, हे त्यांनी दररोज थोडे थोडे सिद्ध केले. चौथी भट्टी लावणाऱ्यांच्या शाळेत ते शिकले होते.

शब्दार्थ

पूर्वग्रह – नीट विचार न करता आधीच बनविलेले मत
परिहार करणे – दूर करणे, निवारण करणे
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
अडसर – अटकाव करणारी वस्तू
सहाध्यायी – बरोबर शिकणारा
प्रमाण – पुरावा

स्वाध्याय

१. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण का टाकले? या प्रसंगाचा विमानशाळेच्या हकीकतीशी काय संबंध आहे?
२. टस्कीगीच्या विद्यार्थ्यांच्या मनावर दुहेरी भार असे, असे लेखक का म्हणतो?
३. विमानाचा आधार सुटला असता काठी मागे का ओढू नये? ते आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘स्वतःला शिक्षक न मिळालेला हा मनुष्य पुढे शेकडो तरुणांचा शिक्षक झाला.’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: डोळ्यांत तेल घालून लक्ष देणे, बोट दाखविणे, हातभार लावणे, प्राण पणाला लावणे.
६. एकट्याने पहिले उड्डाण करून आलेल्या विद्यार्थ्याने त्या रात्री आपल्या आईला पत्र लिहिले, अशी कल्पना करा आणि ते पत्र लिहा.